खाऱ्या पाण्यातले रान

गंगाखेडच्या घाटावरून वाहत गेलेले पाणी शेवटी जाते कुठे?

आपण गोदावरीला गंगा म्हणतो. ती नाशिककडे त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावते. पैठणला जायकवाडीच्या धरणात तिचे पाणी अडते. पुढे ती आपल्या जिल्ह्यात येते. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा हे तालुके तिच्या काठचे. मग नांदेड, मग तेलंगण, मग आंध्र. राजमहेंद्रीच्या खाली तिला फाटे फुटतात आणि ती समुद्राला मिळते. सारी वाट १४६५ किलोमीटरची आहे.

पूर आला म्हणजे गंगेचे पाणी गढूळ होते. तो रंग आपल्या शेतातल्या मातीचा. ओढ्या-नाल्यांतून ही माती नदीत उतरते आणि पाण्याबरोबर निघून जाते. समुद्राजवळ नदीचा वेग मंदावतो. वेग मंदावला की माती खाली बसते. हजारो वर्षे अशी माती बसत गेली आणि नदीच्या तोंडाशी नवी जमीन तयार झाली. त्या जमिनीवर, काकीनाडा शहराजवळ, एक मोठे रान आहे. त्याला कोरिंगाचे रान म्हणतात. १९७८ साली सरकारने ते अभयारण्य म्हणून राखले. त्या रानाच्या पायाखाली परभणी जिल्ह्याचीही थोडी माती आहे, असे म्हणायला हरकत नाही. आता वाटेत धरणे झाली. पुष्कळ गाळ धरणांच्या पोटातच बसतो. खाली पोचतो तो कमी, आणि म्हणून तिकडचा किनारा काही जागी समुद्र खात चालला आहे.

पण हे रान आपल्या जिंतूरच्या डोंगरातल्या रानासारखे नाही. ते दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्यात उभे राहते. अशा रानाला मराठीत कांदळवन म्हणतात. कोणी खारफुटी म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात ते कोकणात आहे, मुंबईत आहे, ठाण्यात आहे. २०२१ सालच्या सरकारी मोजणीत महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन भरले. त्यातले सर्वांत जास्त रायगड जिल्ह्यात. साऱ्या देशात ४९९२ चौरस किलोमीटर. आपला एकटा परभणी जिल्हा महाराष्ट्रातल्या सगळ्या कांदळवनाच्या सुमारे वीसपट मोठा आहे. म्हणजे हे रान किती थोडके आहे ते ध्यानात येईल.

भरती आणि ओहोटी

आपल्यापैकी कित्येकांनी समुद्र पाहिलेला नाही. म्हणून आधी एवढे समजून घेऊ. समुद्राचे पाणी एकाच जागी राहत नाही. चंद्र आणि सूर्य त्याला आपल्याकडे ओढतात. चंद्राची ओढ जास्त. त्यामुळे पाणी दिवसातून दोनदा काठावर चढते आणि दोनदा उतरते. चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा आणि अमावास्येला पाणी फार चढते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला कमी चढते, त्याला भांग म्हणतात. कोळ्याला घड्याळ लागत नाही. आजची तिथी सांगा, तो भरतीची वेळ सांगतो.

नदी जिथे समुद्राला मिळते तिथे भरतीचे पाणी नदीच्या तोंडात आत शिरते. गोडे आणि खारे पाणी मिसळते. त्या भागाला खाडी म्हणतात. खाडीच्या दोन्ही कडांना चिखल असतो. त्या चिखलात हे रान वाढते.

झाडे कशी जगतात

आता तुम्ही म्हणाल, खाऱ्या पाण्यात झाड जगेल कसे? प्रश्न बरोबर आहे. कालव्याच्या पाण्याने चोपण झालेली जमीन आपण पाहिली आहे. पाणी फार झाले, निचरा झाला नाही, की जमिनीतले क्षार वर येतात. वर पांढरा थर दिसतो. तिथे ज्वारी येत नाही, कापूस येत नाही. तसेच, शेतात आठ दिवस पाणी तुंबले तर तूर उभ्या उभ्या वाळते. पाण्यात उभी असून वाळते! कारण तिच्या मुळांना हवा मिळत नाही.

कांदळवनात ही दोन्ही संकटे रोजची. मीठही आहे आणि तुंबलेला चिखलही आहे. पण तिथल्या झाडांनी त्यावर तोड काढली आहे.

तिवर नावाचे झाड पाहा. त्याची मुळे चिखलात आडवी पसरतात आणि त्यांतून बोटाबोटाएवढे कोंब सरळ वर येतात. ओहोटीला गेलात तर झाडाभोवती शेकडो पेन्सिली रोवून ठेवल्यासारखे दिसते. हे कोंब म्हणजे झाडाची नाकेच. पाणी उतरले की ते हवा घेतात. म्हणून त्यांना श्वासमुळे म्हणतात. मिठाचे काय? तिवर ते पानांवाटे बाहेर टाकते. पान जिभेला लावले तर खारट लागते. उन्हात पानावर मिठाचे बारीक कण चमकतात.

कांदळाची रीत वेगळी. त्याच्या खोडातून वडाच्या पारंब्यांसारखी मुळे फुटतात आणि चिखलात जाऊन टेकतात. झाड जणू कुबड्यांवर उभे आहे. ते मीठ मुळाशीच गाळते, बरेचसे आत येऊच देत नाही. आणि त्याचे बी तर फारच शहाणे. चिखलात पडलेले बी भरतीला वाहून जायचे. म्हणून कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. शेवग्याच्या शेंगेसारखे लांब, हिरवे रोप झाडाला लोंबत राहते. पुरते वाढले की सुटते. ओहोटी असली तर टोकाने चिखलात रुतते आणि तिथेच वाढू लागते. भरती असली तर तरंगत जाते, आणि चांगला चिखल लागेल तिथे मूळ धरते. आईने लेकराला चालायला शिकवून मगच घराबाहेर पाठवावे, तसे हे आहे.

आणखी पुष्कळ जाती आहेत. चिप्पी, काजळा, मारांडी. पांढऱ्या चिप्पीची फुले रात्री उमलतात. २०२० साली महाराष्ट्र सरकारने हे आपले राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केले. आंबा जसा आपला राज्यवृक्ष, तसा चिप्पीचा हा मान.

याचा माणसाला उपयोग काय

पहिला उपयोग मासळीचा. झाडांची पाने चिखलात गळतात आणि कुजतात. त्यावर किडे, किरवे, बारीक कोळंबी पोसतात. त्यांच्यावर मासे पोसतात. समुद्रातले कितीतरी मासे आपली पिल्ले वाढवायला खाडीत येतात. मुळांच्या जाळीत मोठा मासा शिरू शकत नाही. पिल्लाला तिथे खायलाही मिळते आणि लपायलाही मिळते. बोय, काळुंदर, जिताडा, तांब, कोळंबी, चिंबोरी हे सारे या रानाचे धन. रान तोडले की पुढच्या वर्षी जाळे हलके येते. ज्याच्याकडे मोठी यांत्रिक होडी आहे तो खोल समुद्रात जाईल. पण ज्याच्याजवळ एक लहान होडी आणि एक पाग एवढेच आहे, त्याने जावे कुठे? कालवे आणि शिंपले वेचून संसार चालवणाऱ्या बायकांनी काय करावे? म्हणून या रानाची खरी गरज गरिबाला आहे.

दुसरा उपयोग आडोशाचा. वादळात समुद्राच्या लाटा काठावर आदळतात. मध्ये हे दाट रान असेल तर लाटेचा जोर मोडतो. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीची लाट तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आली. पिचावरम येथे मोठे कांदळवन आहे. त्याच्या मागे असलेल्या वस्त्यांना उघड्या किनाऱ्यावरच्या वस्त्यांपेक्षा तडाखा कमी बसला. अर्थात रान म्हणजे किल्ल्याची भिंत नव्हे. फार मोठी लाट आली तर ती रानही मोडते. पण रोजची धूप आणि नेहमीची वादळे यांपासून ते काठ राखते, यात शंका नाही.

तिसरा उपयोग अलीकडे लोकांच्या ध्यानात आला आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की धुराबरोबर कार्बनचा वायू हवेत जातो. तो फार झाला म्हणून पृथ्वी तापत चालली आहे. पाऊस बेभरवशाचा झाला आहे, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. झाडे हा वायू हवेतून घेतात आणि त्याचे लाकूड, पाने, मुळे करतात. सगळीच झाडे हे करतात. मग कांदळवनाचे विशेष काय? डोंगरातल्या रानात पान गळते, कुजते आणि तो वायू पुन्हा हवेत जातो. कांदळवनाच्या चिखलात हवा नसते. तिथे पाने-मुळे फार सावकाश कुजतात. वर नवा गाळ बसतो आणि ती खाली गाडली जातात. शेकडो वर्षे तशीच राहतात. बळदात धान्य भरून वरून लिंपावे, तसा हा साठा. म्हणून तेवढ्याच जमिनीवर डोंगरी रानापेक्षा कांदळवन कितीतरी जास्त कार्बन साठवते. आणि म्हणूनच ते तोडून चिखल उपसला तर बळद फुटते. साठलेले सारे हवेत जाते.

मुंबईत काय झाले

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुष्कळ माणसे पोट भरायला मुंबईला गेली. त्यानंतरही जात राहिली. मुंबईत गरिबाला जागा कुठे मिळते? खाडीच्या कडेला. मानखुर्द, गोवंडी अशा वस्त्यांत आजही आपल्या बोलीची माणसे भेटतात.

मुंबई हे शहर पाणी हटवून आणि भराव घालून वाढले. खाडीत दगड-माती टाकायची, तिवरे मारायची आणि जागा करायची, हे पुष्कळ वर्षे चालले. मिठी नदीच्या काठचे रान असेच गेले. नदी अरुंद झाली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे सबंध वर्षात जेवढा पडतो, जवळजवळ तेवढा एका दिवसात! त्यात समुद्राला भरती. पाणी जाणार कुठे? एवढ्या पावसाने पूर आलाच असता. पण नदीला तिची जागा असती, काठाला रान असते, तर हाल कमी झाले असते. त्या दिवशी माडीवरचा माणूस माडीवर बसून राहिला. झोपडीतल्याचा संसार वाहून गेला.

त्याच वर्षी मुंबईच्या उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला आणि त्यात भराव टाकायला मनाई केली. २०१८ साली अखेरचा निकाल दिला. कांदळवन नष्ट करणे म्हणजे माणसाच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असे न्यायालयाने ठरवले. खासगी जागेतले कांदळवनही तोडता येत नाही. त्याच्या भोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम करता येत नाही. २०१२ साली वन विभागाने या रानासाठी वेगळा कांदळवन कक्ष काढला. २०१५ साली त्याच्या जोडीला एक प्रतिष्ठान स्थापन झाले.

कायदा चांगला झाला. पण खाडी लांब, रान दाट, पहारेकरी थोडे. चुलीला लाकूड हवे असलेली बाई रात्री चार फांद्या तोडते. ट्रकवाला काळोखात राडारोडा ओतून जातो. बाईला कायदा लवकर सापडतो आणि ट्रकवाल्याला उशिरा, हे निराळे. सांगायचे एवढेच की नुसत्या दंडाने रान राहत नाही. आपल्या गावचे गायरान पाहा ना. जिथे गुरेवाल्यांनी मिळून नेम केला तिथेच ते टिकले.

रोप नव्हे, चर

गेलेले रान परत आणता येते का? येते. पण इथे एक मोठी चूक पुष्कळ ठिकाणी होते.

पाहुणे बोलावतात. हजारो रोपे आणतात. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात रोवतात. फोटो निघतो. सहा महिन्यांनी पाहावे तर एकही रोप नाही. फिलिपाइन्स देशात असे फार मोठ्या प्रमाणावर घडले. तिथे चुकीच्या जागी लावलेली लाखो रोपे मेली. (आपल्याकडे दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात नवे रोप लावतात, त्यातलाच हा प्रकार.) जिथे चिखल फार वेळ पाण्याखाली राहतो तिथे रोप गुदमरते. शिवाय अशा उघड्या चिखलावर पाणपक्षी चरतात. तिथे रान नव्हतेच, तर ते लावायचे कशाला? रान पूर्वी होते आणि गेले, अशी जागा शोधावी आणि ते का गेले ते आधी विचारावे.

पिचावरमला असाच प्रश्न विचारला गेला. इंग्रजांच्या राज्यात तिथले रान तुकड्या-तुकड्यांनी साफ तोडत. तोडलेल्या जागी पुन्हा उगवेल असा समज होता. काठावर उगवले. आतल्या बाजूला मात्र उजाड पडले. का? झाडे गेल्यावर चिखल उन्हाने तापला, सुकला आणि खचला. मध्ये परातीसारखा खळगा झाला. उधाणाचे पाणी त्यात शिरे, पण परत बाहेर जाईना. उन्हाने पाणी आटे आणि मीठ मागे राही. असे वर्षानुवर्षे झाले. जमीन इतकी खारी झाली की खाऱ्या पाण्यातले झाडही तिथे जगेना.

शेतकरी वाचकाला हा रोग ओळखीचा वाटेल. ही समुद्राकाठची चोपण जमीन. आणि औषधही ओळखीचे आहे. निचरा! आपण चोपण जमिनीत चर काढतो, तेच तिथे केले. १९९० नंतरच्या वर्षांत डॉ. स्वामीनाथन यांच्या नावाच्या संस्थेने हे काम हाती घेतले. हरितक्रांतीचे शास्त्रज्ञ म्हणून आपण ज्यांना ओळखतो, तेच हे. वन खाते आणि काठची गावे बरोबर होती. खाडीपासून एक मोठा चर खणला. त्याला दोन्ही बाजूंनी तिरके लहान चर जोडले. वरून पाहिले तर माशाचा काटा दिसावा. भरतीला पाणी आत येऊ लागले, ओहोटीला बाहेर जाऊ लागले. येता-जाता त्याने मीठ धुऊन नेले. चरांच्या कडेने तिवराची रोपे लावली. ती जगली. मग वाहत आलेले बीही आपोआप रुजू लागले. हीच रीत पुढे कृष्णेच्या आणि आपल्या गोदावरीच्या तोंडाशी वापरली.

पण चर एकदा खणून भागत नाही. भरतीबरोबर गाळ येतो आणि चर बुजतात. ते वरचेवर उपसावे लागतात. हे कोण करणार? मुंबई-चेन्नईचा साहेब रोज येणार नाही. म्हणून गावाची समिती केली. गावकऱ्यांनीच चर खणायचे, त्यांनीच उपसायचे, राखण त्यांनीच करायची, आणि त्याची मजुरी त्यांनाच मिळायची. गावाच्या दुसऱ्या गरजा काय आहेत, तेही समितीत बोलले जाई. रान वाढले तशी मासळी वाढते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले, मग राखण आपोआप होऊ लागली.

वेंगुर्ल्याच्या बायका

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले नावाचे बंदर आहे. तिथे मांडवीची खाडी आहे. तिच्या दोन्ही काठांना कांदळवन आहे. मच्छीमार घरांतल्या आठ-दहा बायकांचा स्वामिनी नावाचा बचत गट आहे. बचत गट आपल्याकडेही गावोगाव आहेत. कोणी पापड-लोणची करतात, कोणी शेळ्या पाळतात. या बायकांनी २०१७ साली वेगळेच काम काढले. गावात येणाऱ्या पाहुण्यांना होडीत बसवायचे आणि कांदळवन दाखवायचे.

होडी बायका स्वतः वल्हवतात. इंजिन नाही, आवाज नाही, म्हणून पक्षी उडत नाहीत. वल्हवता वल्हवता त्या झाडाचे नाव सांगतात. हे तिवर, हा कांदळ, ही चिप्पी. श्वासमुळे दाखवतात. कोणता मासा कुठे लपतो ते सांगतात. वन विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांचे काम तेव्हा सिंधुदुर्गात चालू होते; त्यांनी या बायकांना शिकवण दिली. पण होडी चालवायला आणि अनोळखी माणसांपुढे बोलायला जे धैर्य लागते, ते त्यांचे स्वतःचे. शाळेत शिकवणारा माणूस म्हणून सांगतो, चाळीस मुलांपुढे बोलणे सोपे. हलत्या होडीत परक्या पाहुण्यांपुढे बोलणे अवघड.

यात फायदा कसा झाला पाहा. पूर्वी तिवर तोडले तर चुलीला चार दिवस लाकूड मिळे. आता तेच तिवर उभे राहिले तर दर हंगामाला पैसा देते. ते कोणी तोडू लागले तर ओरडणारे दहा आवाज तिथेच खाडीवर आहेत.

अशीच दुसरी कामे निघाली आहेत. २०१७ सालापासून महाराष्ट्र सरकारने एक योजना चालवली. खाडीकाठच्या गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती करायची. समितीने रान राखायचे आणि गटांनी रानाच्या आधाराने धंदा करायचा. खर्चातला मोठा वाटा सरकारने द्यायचा. कोणी खेकडे पाळतात. कोणी दोराला टांगून कालवे वाढवतात. कोणी घरात ठेवायचे रंगीत मासे वाढवतात.

खेकड्याचे काम मोठे गमतीचे आहे. झाडे न तोडता, रानातच जाळीचे कुंपण घालतात. त्यात लहान खेकडे सोडतात. भरतीचे पाणी येते-जाते, त्यामुळे पाणी बदलावे लागत नाही. बाजारात न खपणारी बारीक मासळी त्यांना खायला घालतात. खेकडा कात टाकतो तेव्हा अंगाने मऊ होतो, आणि त्या वेळी शेजारचा खेकडा त्यालाच खातो! म्हणून लपायला कौले किंवा नळ्यांचे तुकडे ठेवावे लागतात. काही महिन्यांत तो भरतो. मग त्याच्या नांग्या दोरीने बांधून जिवंतच विकतात. मेलेल्या खेकड्याला किंमत नाही, जिवंताला चांगली आहे. यातही नुकसान होते. कधी जाळी फाटते, कधी रोग येतो, कधी लहान खेकडे वेळेवर मिळत नाहीत. सगळ्याच गटांचे बस्तान बसलेले नाही. तरी जिथे बसले तिथे कांदळवनाकडे पाहण्याची नजर बदलली.

परदेशातही असे प्रयोग आहेत. आफ्रिकेत केनिया देशात गाझी नावाचे गाव खाडीकाठी आहे. तिथले लोक २०१३ सालापासून आपले कांदळवन राखतात. त्या रानाने जो कार्बन साठवला त्याबद्दल त्यांना बाहेरून पैसा मिळतो. त्या पैशातून गावाला पिण्याचे पाणी आले आणि शाळेला मदत झाली.

शेतकऱ्याची तक्रार

इथपर्यंत वाचून वाटेल की खाडीकाठी सगळे सुखी आहेत. तसे नाही. रायगडच्या खारजमिनीच्या शेतकऱ्याचे म्हणणे ऐकले पाहिजे.

तिकडे खाडीला मातीचे बांध घालून आत भातशेती करतात. बांधात लाकडी दार असते. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला पावसाचे पाणी उघाडीतून बाहेर जाते आणि भरतीला दार आपोआप मिटते. बांधाच्या समोर तिवरांचे रान असेल तर लाट बांधापर्यंत जोराने येत नाही. म्हणजे हे रान शेतकऱ्याचा मित्र. पण कधी उधाणात बांधाला खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. खारे पाणी शेतात शिरते. खांड वेळेवर बुजवली नाही तर पाण्याबरोबर बीही येते. चार-पाच वर्षांत भाताच्या खाचरात तिवर उगवते. मग ते कांदळवन ठरते आणि तोडायला मनाई. शेतकरी म्हणतो, "जमीन माझ्या आज्यानं बांधली, कर मी भरतो, आणि आता माझ्याच शेतात मला पाऊल टाकायची चोरी!"

त्याचे म्हणणे खोटे नाही. माझ्या मते दोष तिवराचा नाही आणि कायद्याचाही नाही. दोष वेळेवर न बुजवलेल्या खांडीचा आहे. बांधाची पहिली भेग पडते तेव्हा दहा माणसांचे एक दिवसाचे काम असते. वर्षभराने ते लाखो रुपयांचे काम होते. पूर्वी गावकीने मिळून बांध राखायचा, अशी रीत होती. आता सरकार करील म्हणून गाव थांबते, आणि पैसे येतील तेव्हा करू म्हणून सरकार थांबते. समुद्र कोणासाठी थांबत नाही. पाणी वर चढत चालले आहे, तसे हे भांडण वाढणार आहे. रान राखणारी समिती आणि बांध राखणारी मंडळी एकाच चावडीवर बसली तरच यातून वाट निघेल. काही शेतकरी बुडालेल्या खाचरात मासळी पाळून पाहत आहेत. पण ज्याने जन्मभर भात पिकवला, त्याला उद्यापासून कोळी हो म्हणणे सोपे नाही.

कोकणात किंवा मुंबईला कोणाचे जाणे झाले तर हे रान जरूर पाहावे. नवी मुंबईत ऐरोलीला वन विभागाचे माहिती केंद्र आहे. जाताना ओहोटीची वेळ विचारून जा, म्हणजे श्वासमुळे उघडी दिसतील. त्यांच्यावर पाय देऊ नका, मोडतात. तिवराचे पान जिभेला लावून पाहा. मात्र गेवा नावाचे एक झाड तिथे असते, कोणी त्याला हुरा म्हणतात. त्याच्या फांदीतून पांढरा चीक निघतो. तो डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते. म्हणून ओळखीचा कोळी बरोबर असल्याशिवाय कोणत्याही झाडाची फांदी मोडू नये.